कात्री न लावलेल्या पट्ट्या

आमच्या ह्यांना सगळे पट्टीमामा म्हणतात. बॉक्सरच्या हाताला ग्लोव्हच्या आत जी पट्टी गुंडाळतात ना, ती गुंडाळणारा माणूस. लग्न ठरवताना आमच्याकडे सांगितलं होतं, मुलगा पट्ट्या बांधण्याचं काम करतो. आईला वाटलं, दवाखान्यात असेल. लग्नानंतर पहिल्यांदा जिममध्ये डबा घेऊन गेले, तर हे एका राक्षसाएवढ्या माणसाचा हात मांडीवर घेऊन बसलेले, आणि तो राक्षस लहान बाळासारखा गप्प. हे त्याला हळूच विचारत होते, "दुखतंय का?" मला इतक्या वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

काम मात्र बघत राहावं असं. आधी मनगट, मग अंगठा, मग बोटांच्या मधून एकेक वेढा, आणि मुठीच्या हाडांवर घडी घालून केलेली गादी. प्रत्येक थरानंतर सांगायचं, "मूठ आवळ. सोड. परत आवळ." शेवटी टेप, आणि टेपवर अधिकाऱ्याची सही, कोणी मध्ये काही घुसडू नये म्हणून. घरीसुद्धा हाच खाक्या. आमच्या घरात असा एक नळ नाही, ज्याला ह्यांनी पट्टी बांधलेली नाही. खुर्चीचा पाय, छत्रीचा दांडा, झाडूची मूठ, सगळे जखमी. मी म्हणायचे, "अहो, एक दिवस माझ्या तोंडालाही बांधाल." तर म्हणायचे, "तेवढा टेप नाही मिळत बाजारात."

बोलतात कमी, पण बोलले की असे.

माझं घराच्या पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान. बॉक्सरांचे झगे, चड्ड्या, कंबरेचे रुंद पट्टे, सगळं मीच शिवते. त्यामुळे ह्यांच्या धंद्यातलं थोडंफार मलाही कळतं, आणि एक रीत तर तुम्हाला आधी सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही लक्षात यायचं नाही.

ज्याने पट्टी बांधली त्यानेच ती सोडायची. लढत संपली की बोथट टोकाची कात्री आत सरकवायची, सरळ कापत जायचं, आणि ते साल काढल्यासारखं सगळं टोपलीत टाकायचं. कात्री म्हणजे, चल, पुन्हा बांधू. पण ज्या बॉक्सरने आता बस्स असं ठरवलं, त्याच्या पट्टीला कात्री लागत नाही. ती हाताने उलगडायची, जशी बांधली तशीच, उलट्या बाजूने. टेप निघता निघत नाही, हाताचे केस उपटून येतात, वेळ जातो. तोवर जिममध्ये कोणी पंचिंग बॅगला हात लावत नाही. ही रीत कोणी सुरू केली माहीत नाही. ह्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवली, त्यांना आणखी कोणी.

आता डोंगर. डोंगर म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. ती गेली तेव्हा हा दाराच्या कडीएवढा होता. मामाचं बोट धरून आमच्याकडे आला तो कायमचा. आम्हाला मूलबाळ नाही असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्याला रात्ररात्र मांडीवर थोपटलंय, त्याच्या शाळेत जाऊन मास्तरांशी भांडलेय, आणि वयात आल्यावर तो असा काही फोफावला की बाजारात त्याच्या मापाचा शर्ट मिळेना, तेव्हापासून आजतागायत त्याचे सगळे कपडे मी शिवलेत. आईपण आणखी वेगळं काय असतं? मामाच्या मागेमागे जिममध्ये जायचा, तिथेच अडकला. हेवीवेट बॉक्सर झाला. हेवीवेट म्हणजे सगळ्यात वजनदार गडी, ज्यांच्या एका ठोशात माणूस झोपतो. किताब ह्या गटाचा मिळाला की जग ओळखतं. डोंगराला तो कधी मिळाला नाही, मिळायच्या जवळपासही कधी गेला नाही. चांगला होता, पण नेहमी रांगेत मागे. आणि आता चाळिशीला टेकला होता.

मी त्याची एकही लढत पाहिलेली नाही. माझ्या हातून होत नाही ते. लढत असली की मी मशीनवर बसते आणि दणादण चालवते, म्हणजे शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत नाही. त्या मोठ्या लढतीच्या दिवशी मी शेजारणीच्या पडद्यांना दुमड घातली. तिने सांगितलीच नव्हती, म्हणून बोलणीही खाल्ली. मग ह्यांचा फोन आला. "जिंकला," एवढंच म्हणाले आणि ठेवला. माझा जीव भांड्यात पडला. आवाज पडलेला वाटला, पण म्हटलं दमले असतील. दोघे घरी आले तेव्हा मला झोप लागली होती.

सकाळी दार उघडलं तर दारात न्हावीदादा, हातात वर्तमानपत्र, पायात एकच चप्पल. आमच्या गल्लीत बॉक्सिंगमधलं सगळं न्हावीदादांना कळतं, असं निदान त्यांचं तरी म्हणणं आहे.

"वहिनी, उलथापालथ झाली! खांब पडला!"

मी आधी वर वीजवाहिनीकडे बघितलं. पण खांब म्हणजे किताबवाला. इतकी वर्षं कोणाला हलवता आला नव्हता म्हणून ते नाव. काल शेवटच्या लढतीत एका कोवळ्या पोराने त्याला तिसऱ्याच फेरीत आडवा केला. आता किताब त्या पोराकडे.

"बरं झालं की वाईट?" मी विचारलं.

"अहो, बरं-वाईट काय विचारता! पोराशी आता लढायचं कोणी? दोन नंबरवाल्याचं मनगट कालच मोडलं. तीन नंबरवाला आणि पोरगा एकाच मालकाचे, ते आपसात लढणार नाहीत. खांब तर म्हणतोय मी शेती करणार. आणि त्यांच्या मागचा जो, त्याला काल कोणी हरवलं?"

"कोणी?"

"आपल्या डोंगराने! वहिनी, आता पुढचा नंबर डोंगराचा. किताबाची लढत!"

एका रात्रीत रांगच पुढे सरकली होती, आणि आमचा मागे उभा असलेला मुलगा थेट दारात येऊन पोचला होता. लढती भरवणाऱ्या शेठचा फोनही येऊन गेला. दुपारी येतो म्हणाला, फोटोवाल्याला घेऊन. डोंगराचा होकार हवा, आणि पट्टीमामा विजयाची पट्टी कापतायत असा फोटो हवा.

कारण पट्ट्या अजून डोंगराच्या हातावरच होत्या. काल ह्यांनी कात्री काढली, तर त्याने हात मागे घेतले, म्हणाला, घरी बघू. "आठवण म्हणून जपायच्या असतील त्याला," हे मला म्हणाले. "एवढा मोठा विजय. राहू दे एक दिवस." आणि बादली घेऊन मागच्या अंगणात गेले.

डोंगर वरच्या खोलीतून खाली आला. मी शिवलेला निळा झगा अंगावर, एक डोळा सुजलेला, आणि दोन्ही हात पांढरेशुभ्र गठ्ठे. चमचा धरता येईना. मग मीच अंडी कुस्करून त्याला भरवली. एवढा धिप्पाड बाप्या, पण घास आला की लहानपणी करायचा तसेच डोळे मिटून तोंड उघडायचा. मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

तोवर पुढची खोली माणसांनी भरली. पाववाला आला, जिमचा झाडूवाला आला, शेजारीण पडद्यांचा राग विसरून आली. न्हावीदादांनी माझी इस्त्री करायची फळी बाजूला सारली आणि कालची लढत करून दाखवायला लागले.

"सहाव्या फेरीत काय झालं? तो पुढे आला. डोंगर दोरांवर! मी म्हटलं, संपलं!"

"मग?" डोंगर म्हणाला.

"मग काय, तुझा पाय घसरला! तो समजला पडतोय हा, आला अंगावर. आणि खालून तुझा डावा हात असा आला..." न्हावीदादांचा डावा हात माझ्या दोऱ्यांच्या रिळांना लागला, सगळी रिळं गडगडत गेली. सगळे हसले.

डोंगर हसला नाही. थोडा पुढे वाकून, तोंड किंचित उघडं ठेवून तो बघत होता. "मग?"

माझी सुई तिथल्या तिथे थांबली. लहानपणी मी गोष्ट सांगायचे तेव्हा हा असाच मग-मग करायचा. पण तेव्हा गोष्ट नवी असायची. स्वतः लढलेल्या लढतीला कोणी मग म्हणतं का?

"डोंगरा," मी म्हटलं, "आत ये जरा, फळीवरचा डबा काढून दे."

"मामी, हातात पट्ट्या आहेत."

"मग डोक्याने काढ. ये म्हणते ना!"

स्वयंपाकघराचं दार लावलं आणि सरळच विचारलं. "कालचं किती आठवतंय तुला?"

त्याने दोन्ही गठ्ठ्यांकडे बघितलं. "चौथ्या फेरीपर्यंत," तो म्हणाला. "मग एकदम कपडे बदलायची खोली, आणि नंतर गाडी. मामा शेजारी बसलेत आणि खिडकीबाहेर बघतायत. म्हटलं, हरलो असणार. विचारायची लाज वाटली. सकाळी न्हावीदादा खाली ओरडले तेव्हा मला कळलं जिंकलो ते."

"डॉक्टरांनी बघितलं नाही?"

"बघितलं ना. बॅटरी मारली डोळ्यांत, नाव विचारलं, वार विचारला. ते सांगितलं बरोबर."

"असं आधी कधी झालंय?"

"मागच्या लढतीला झालं थोडंसं. तेव्हा एकच फेरी गेली होती."

मी ओट्याला धरून उभी राहिले. "आणि पट्ट्या का नाही कापू दिल्यास?"

"माहीत नाही गं. मामांनी कात्री काढली आणि हात आपोआप मागे आला. मामी, मला नाही करायचं आता. मला भीती वाटते. ठोशाची नाही. हे जे जातं ना, ते कुठे जातं त्याची."

"अरे मग सांग ना त्यांना!"

"कसं सांगू? त्यांनी आयुष्य घातलंय माझ्यामागे. आत्ता कुठे दार उघडलंय, आणि मी म्हणू, मला आत नाही जायचं?"

"दार उघडलं म्हणजे आत गेलंच पाहिजे, असं कोणी लिहून ठेवलंय?" मी केवढ्याने ओरडले, मग पदर तोंडाला लावला. तो मला समजवायला लागला. ज्याची काळजी, तोच समजवणारा, असा हा मुलगा.

मी तरातरा मागच्या अंगणात गेले. हे बादली घासत होते. ती बादली सकाळपासून घासून घासून आरशासारखी झाली होती.

"अहो, पोराला कालचं चौथ्या फेरीनंतरचं काही आठवत नाही."

ह्यांनी मान वर केली नाही. "मला माहीत आहे," म्हणाले.

आता मात्र माझं टाळकंच फिरलं. "माहीत आहे? आणि बादल्या काय घासत बसलाय!"

"आठव्या फेरीनंतर कोपऱ्यात स्टुलावर बसला," हे हळू आवाजात म्हणाले. "मी तोंडात पाणी घातलं. मला म्हणाला, मामा, आई कुठे बसलीय?"

मी तिथेच पायरीवर बसले.

"मी म्हटलं, मागच्या रांगेत बसलीय, तुझ्याकडेच बघतेय. आणि उठवून परत पाठवला त्याला. दोनच फेऱ्या राहिल्या होत्या. जिंकत होता गं. टॉवेल माझ्या खांद्यावर होता. आत फेकला असता की लढत थांबली असती. मी नाही फेकला."

त्यांच्या हातांतून घासणी निसटली. इतकी वर्षं दुसऱ्यांचे हात सांभाळणारे हात. राग होता मला, खूप होता, पण त्या हातांकडे बघून तो राग कुठे ठेवावा कळेना.

"मग आता नको म्हणा त्याला," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडाने? काल मी थांबवलं नाही, आणि आज त्याच्या स्वप्नात आडवा येऊ? खूश आहे तो. पट्ट्यासुद्धा जपून ठेवायच्या म्हणतोय."

मी कपाळावर हात मारून घेतला. "असं म्हणाला तो? त्याच्या तोंडचे शब्द आहेत हे?"

ह्यांनी बादली पालथी घातली.

"अहो, जन्मभर पट्ट्या बांधल्यात तुम्ही. ज्याला कात्री नको असते, त्याला काय हवं असतं? हे मी शिवणारी बाई तुम्हाला सांगू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बघतच राहिले, आणि तिथेच पालथ्या बादलीवर मटकन बसले.

पुढचं आधी सांगून टाकते. त्या पोराशी डोंगराच्या जागी हातोडा नावाचा कोणी लढला आणि हरला. मग पोरगाच दुसऱ्याकडून हरला. खांबाला शेती झेपली नाही, तो परत आलाय म्हणतात. आता किताब कोणाकडे आहे ते मला विचारू नका, न्हावीदादांना विचारा, पण वेळ हातात ठेवून विचारा. रांग काय, कोणासाठी थांबत नाही. डोंगराला आम्ही दुसऱ्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबलात ते फार बरं केलंत. अजूनही कधीकधी विसरतो, पण वाढलेलं नाही. सकाळी जिममध्ये मामांच्या शेजारी बसून नव्या मुलींना मूठ वळायला शिकवतो.

तर ती दुपार. शेठ आला, अत्तराचा घमघमाट घेऊन. फोटोवाल्याने माझं मशीन कोपऱ्यात ढकललं, मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने अर्धं परत जागेवर आणलं. डोंगराला मधोमध खुर्चीत बसवलं. समोर ह्यांना.

"पट्टीमामा, कात्री जरा वर धरा. हसा थोडं. किताबाच्या लढतीआधीचा फोटो आहे, घरोघरी लागणार!"

ह्यांनी खिशातून कात्री काढली. डोंगराने हात पुढे केले, पण नजर खाली. मला कळलं, तो कापून घेणार होता. मामांसाठी निमूटपणे कापून घेणार होता, आणि पुन्हा बांधूनही घेणार होता.

हे उठले. माझ्यापाशी आले आणि कात्री माझ्या हातात दिली. "ही तुझ्या दुकानात राहू दे," म्हणाले.

परत जाऊन बसले, डोंगराचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि टेपचं टोक नखाने शोधायला लागले.

"हे काय चाललंय?" शेठ म्हणाला. "अहो मामा, कापा ना!"

न्हावीदादांना रीत माहीत होती. आयुष्यात कधी गप्प न बसलेल्या त्या माणसाने शेठच्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "शू." मग डोक्यावरची टोपी काढली. पाववाला उठून उभा राहिला. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

टेपचा पहिला पदर निघाला, अधिकाऱ्याची सही मधोमध फाटली. डोंगराने मान वर केली. मामांकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, सुजलेल्या डोळ्यातूनसुद्धा.

"दुखतंय का?" ह्यांनी विचारलं.

त्याने मान हलवली.

"पाचव्या फेरीपासून सांगतो," हे म्हणाले. "चारपर्यंत तुला आठवतंय." आणि उलगडता उलगडता सांगायला लागले. न्हावीदादांसारखं नाही, हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. पाचवीत तू दमलास, पण डावा हात खाली पडू दिला नाहीस. सहावीत पाय घसरला, आणि उठतानाच मारलास. सातवीत तो तुला मिठी मारत सुटला. वेढ्यामागून वेढा सुटत होता, ह्यांच्या पायाशी पांढरा ढीग जमत होता, आणि डोंगर मध्येच म्हणत होता, "मग?"

"आठवीनंतर तू मला विचारलंस, आई कुठे बसलीय."

"मग?" डोंगर म्हणाला, अगदी हळू.

"मग मी खोटं बोललो. टॉवेल टाकायला हवा होता, मी टाकला नाही." ह्यांनी उजव्या हाताचा शेवटचा वेढा सोडला. "आता टाकतोय, बाळा. उशीर केला मामाने."

डोंगराचा डावा हात अजून पट्टीतच होता. तो जाड पांढरा गठ्ठा त्याने उचलला आणि मामांच्या टक्कल पडलेल्या डोक्यावर ठेवला. मग तोच म्हणाला, "सांगा ना पुढे. नववीत काय झालं?"

ह्यांनी नाक पुसलं आणि नववी सांगितली. मग दहावी, डाव्या हातासोबत. शेठ मध्येच कधी निघून गेला, कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटचा वेढा सुटला. आतून हात निघाले ते पांढरे पडलेले, सुरकुतलेले, खूप वेळ पाण्यात खेळलेल्या मुलाचे असतात तसे.

"घंटा वाजली," हे म्हणाले. "तुम्ही दोघं मध्ये उभे. पंच मध्ये."

"मग?"

हे उभे राहिले. डोंगरालाही उठवलं. तो त्यांच्यापेक्षा हातभर उंच. चवड्यांवर उभे राहून ह्यांनी त्याचा तो उघडा हात, जेवढा पोचेल तेवढा, वर उचलला.

मी त्याची एकही लढत पाहिली नव्हती. ही सबंध पाहिली, आणि सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती मी.